उलथावं, पण कलंडू नये

धारवाडला मळमड्डीत मावशीकडे उतरलो की सकाळचा चहा ओट्यावरच घ्यायचा, हे ठरलेलं. समोरच्या जुन्या कौलारू घराच्या जागी आता इमारत उठते आहे, त्यामुळे ओट्यावरचं दृश्य रोज बदलतं. त्या दिवशी खडीचा डंपर आला. दहा चाकी, कपाळावर देवाचं नाव, अंगावर रस्त्याची सगळी लाल धूळ. क्लीनर मागे उभा राहून फाळक्यावर हात आपटत ओरडत होता, ‘बर्ली, बर्ली, बर्ली... साक!’ येऊ दे, येऊ दे, बास. इथल्या मराठी घरांतली पोरंसुद्धा गाडी मागे घेताना हेच ओरडतात.

गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला. मुकादमाने बोट दाखवलेल्या जागेकडे त्याने पाहिलं, टाचेने माती दाबून बघितली, मग डाव्या बाजूच्या मागच्या चाकांपाशी उकिडवा बसला आणि उठून मान हलवली. ‘इथं नाही होत री.’ मुकादमाचा पारा चढला. पाच मिनिटं कानडी-मराठीत झकाझकी झाली आणि शेवटी डंपर पंधरा-वीस फूट पुढे जाऊन सपाट जागी उभा राहिला. खडी तिथे पडली. आता ती घमेल्यांनी मागे वाहावी लागणार होती.

मला राहवेना. जाऊन विचारलं, तिथे अडचण काय होती? त्याने अंगठा आणि करंगळी ताणून मला वीत दाखवली. ‘एका बाजूची चाकं एवढी खाली असली ना सर, हौदा वर गेला की गाडी झोपती री.’

गाडी झोपते! इतक्या टनांच्या लोखंडाला आणि दगडाला इतका शांत शब्द. आणि इतक्या मोठ्या धोक्याला एवढंसं माप? वीत म्हणजे नऊ इंच. मुकादमाला वाटलं तसं मलाही वाटलं, की हा कामचुकारपणा आहे. संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि त्या वितीपुढे हात जोडायची वेळ आली.

आधी या गाडीचा चमत्कारिक स्वभाव लक्षात घ्या. मोटार, बस, टँकर, ट्रक या साऱ्या गाड्यांच्या रचनेत एकच धास्ती असते, की तोल जाऊ नये. डंपर ही अशी एकच गाडी, की जिचं पोट तोल घालवण्यावर भरतं. आपलं ओझं तिने स्वतःच उचलायचं, उंच न्यायचं, तिरकं करायचं आणि मागच्या मागे उलथून टाकायचं. मात्र एकाच दिशेला. मराठीत पडण्यासाठी किती क्रियापदं आहेत पाहा: कलणं, कलंडणं, लवंडणं, उलथणं, उलाळणं. एरवी आपण ती एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो. डंपर बनवणाऱ्याला तसं करून चालत नाही. त्याला उलथणं हवं असतं आणि बाकीची सगळी नको असतात. जगभर या गाड्यांचे जितके प्रकार निघाले, ते या नको असलेल्या क्रियापदांना दूर ठेवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या आहेत.

सर्वांत जुनं क्रियापद घेऊ, कारण ते बैलगाडीतून आलं आहे. गाडीत ओझं आखाच्या मागे जास्त झालं, की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि जोत गळ्याला आवळतं. गाडी उलाळ झाली, असं म्हणतात. उलट ओझं पुढे फार झालं तर बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून भरणारा जाणता माणूस आखाच्या किंचित पुढे वजन ठेवतो: थोडा दाब हवा, फार नको.

धारवाडच्या बाजाराला भोवतालच्या गावांतून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन चाकी डंपिंग ट्रॉलीला हाच नियम जसाच्या तसा लागू आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर, जुवाच्या जागी हुकाची पिन. रस्त्याने जाताना ट्रॉलीतलं ओझं आखाच्या जरा पुढे असतं, दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना दाबते आणि त्यामुळे चाकांना पकड मिळते. आता ट्रॉली उलथायला लागा. हौदा मागच्या बिजागरीवर फिरतो, वजन हळूहळू मागे सरकतं आणि एका क्षणी आखाच्या मागे जातं. झाली उलाळ. दांडी आता ट्रॅक्टरला दाबत नाही, वर खेचते. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि नेमकी तीच चाकं हलकी होतात. सपाट जागी काही बिघडत नाही. उतारावर मात्र ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ट्रॅक्टर घसरत जाऊ शकतो, कारण ब्रेकने चाक थांबतं, पण थांबलेल्या चाकाला जमीन धरायला वजन लागतं.

यावर उपाय म्हणून चार चाकी ट्रॉली आली. आता ओझं दोन आखांवर बसतं, उलाळीचा प्रश्न मिटतो. पण एक क्रियापद दाराबाहेर काढलं की दुसरं खिडकीतून येतं. या ट्रॉलीचा पुढचा आख दांडीबरोबर फिरणाऱ्या गोल चकतीवर बसवलेला असतो. ट्रॅक्टर काटकोनात वळवून उभा केला, की पुढची दोन्ही चाकं ट्रॉलीच्या मध्यरेषेवर, एकामागे एक येतात. वरून पाहिलं तर चार पायांचं टेबल जवळजवळ तीन पायांचं झालेलं असतं. तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही हे खरं, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला वजन टाकलंत तर कलंडतं मात्र चटकन. म्हणून ट्रॉली उलथताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत असावी लागतात. शेतकरी हे जाणतात. पण बांधाच्या कोपऱ्यात सरळ उभं राहायला जागा असते कुठे?

आता ड्रायव्हरची वीत.

हिशेब सोपा ठेवू आणि फक्त मालाचा विचार करू. भरलेल्या डंपरमध्ये मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १.९ मीटरवर धरा. गाडीच्या मध्यरेषेपासून चाकांच्या टेकणाऱ्या कडेपर्यंत सुमारे १ मीटर. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या कडेच्या आत पडतो तोवर गाडी उभी. बाहेर पडला की झोपली. हौदा खाली असताना ओळंबा बाहेर पडायला गाडी सुमारे २८ अंश कलावी लागेल. हे भरपूर झालं.

मग जॅक वर चढतो. हौदा साडेचार मीटर लांब असेल, तर मालाचा मध्य बिजागरीपासून सव्वादोन मीटरवर. तो ४० अंशांपर्यंत उचलला आणि माल अजून सुटला नसेल, तर तो मध्य जवळपास दीड मीटर वर चढून ३.३ मीटरवर जातो. सुरक्षित कोन २८ वरून १७ अंशांवर आला. आता हाच हौदा आठ मीटरचा करा. म्हणजे ट्रेलरचा, पुढे वेगळा घोडा, म्हणजे ओढणारी गाडी, जोडलेला. त्यात मध्य बिजागरीपासून चार मीटरवर आहे, आणि उचलल्यावर तो साडेचार मीटरच्या जवळ पोचतो. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत दगडांचा ढीग धरून उभं राहायचं, आणि पायांतलं अंतर तेवढंच! सुरक्षित कोन उरला १३ अंश.

तरीही १३ अंश पुष्कळ नव्हेत का? झाले असते, गाडी दगडाची एकसंध मूर्ती असती तर. पण गाडीला पाटे आहेत, टायर आहेत, चासी पिळली जाते, बिजागरीच्या पिना आपल्या भोकात ढिल्या झालेल्या असतात. गाडी एक अंश कलली की खालच्या बाजूचे पाटे जास्त दबतात, टायर चपटे होतात, म्हणून ती आणखी अर्धा अंश कलते. त्यामुळे वजन अजून त्या बाजूला जातं, पाटे अजून दबतात. कलण्याने कलणं वाढतं. कागदावरचे १३ अंश असे पाट्यांत आणि टायरांत खर्ची पडतात.

ब्रिटनमध्ये रस्ता-वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने याची कसोटीच ठरवून दिली आहे. भरलेला हौदा पूर्ण उचलायचा आणि गाडी कलत्या फलाटावर एका बाजूला झुकवायची. ७ अंशांपर्यंत टिकली तर ती वरच्या वर्गाची, ओबडधोबड जागीही चालेल. ५ अंशांपर्यंत टिकली तर खालच्या वर्गाची, तिने फक्त टणक आणि सपाट जागीच ओझं टाकावं. सात अंश म्हणजे किती? दोन्ही बाजूंच्या चाकांत दोन मीटर अंतर धरलं, तर एका बाजूची चाकं दुसरीपेक्षा २४ सेंटिमीटर खाली.

मी टेबलावर स्वतःची वीत मोजली. बावीस.

परदेशातल्या कलत्या फलाटांवर जे उत्तर निघालं, ते त्या माणसाने मळमड्डीच्या रस्त्यावर अंगठा आणि करंगळीत धरून दाखवलं होतं. त्याला ते कुठल्याही तक्त्यातून मिळालं नव्हतं, हे उघड आहे. झोपलेल्या गाड्या पाहून मिळालं असणार.

जमिनीचंही तसंच. तो टाचेने माती का दाबत होता? हौदा वर गेला की बरंचसं ओझं मागच्या चाकांवर येतं. गाडी उभी केली तेव्हा जागा सपाट होती, एवढं पुरत नाही. ओझं आल्यावरही ती सपाट राहायला हवी. धारवाड बरोबर सांध्यावर वसलं आहे: पश्चिमेला मलनाडाची लाल माती, पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे मैलोन्मैल काळी. मड्डी हा शब्दच उंचवट्याच्या कठीण जमिनीचा. सोलापुरातही मड्डी वस्ती आहे. मुरमाड लाल जमीन ओझं सोसते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भिजलेली असताना एका चाकाखाली मुकाट्याने खचते. त्या वितीतली चार बोटं जमीनच खाऊन टाकते. नव्याने बुजवलेला पाण्याच्या पाइपचा चर तर याहून लबाड: वरून अगदी सारखा दिसतो, आत पोकळ.

मग वाटेल, जॅक एवढा दणकट असतो, तो हौद्याला बाजूने आधार देत नाही का? माझाही हाच समज होता. महाराष्ट्रात बऱ्याच भागांत लोक डंपरला ‘हायवा’ म्हणतात. वाळूचा हायवा पकडला, अशा बातम्या आपण रोज वाचतो. हायवा हे मुळात गाडीचं नावच नाही. ते नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या, हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या कंपनीचं नाव. जॅकवर लिहिलेलं नाव अख्ख्या गाडीने घेतलं. घेण्यासारखा आहेच तो जॅक. इंजिनाच्या गिअरपेटीतून शक्ती घेऊन पंप तेलाला दाबतो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब पडला, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साठ-सत्तर पट, तर तो साडेसव्वीस टन उचलतो. पितळी दुर्बिणीसारख्या नळ्या एकात एक बसवलेल्या. सर्वांत जाड नळी आधी निघते, मग तिच्याहून बारीक, मग त्याहून बारीक. म्हणजे जोर सर्वांत जास्त सुरुवातीला, आणि पुढे तो घटत जातो. ओझंही तसंच वागतं: हौदा आडवा असताना उचलायला सर्वांत जड, तिरका होत गेला तसा हलका, आणि माल सुटला की आणखी हलका. गरज आणि जोर हातात हात घालून उतरतात. हे जुळवून आणणाऱ्याला माझा सलाम.

पण वरच्या टोकाला तो जॅक म्हणजे लांबलचक, बारीक काठी झालेला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे असतात. तो ढकलू शकतो, बाजूने धरून ठेवू शकत नाही. छत्रीची काडी छत्री उघडते, वारा अडवत नाही. हौदा बाजूला जाऊ नये म्हणून धरून ठेवणाऱ्या मुख्य गोष्टी दोनच: मागच्या बिजागरीच्या दोन पिना आणि त्यांच्यातलं अंतर. एवढा डोंगर दोन मुठींएवढ्या पिनांवर! म्हणून चांगल्या रचनेत बिजागरी रुंद असते, तिच्यामागचं चासीचं टोक पिळवटू नये म्हणून आडव्या तुळया दिलेल्या असतात. काही गाड्यांत जॅक पुढे नसतो, हौद्याच्या पोटाखाली असतो, आणि त्याच्याबरोबर कात्रीसारखी लोखंडी चौकट उघडते. ही कात्री हौद्याला चासीशी बांधून ठेवते, डावी-उजवीकडे हलू देत नाही. तोटा हा, की पोटाखालचा जॅक बिजागरीच्या जवळ असल्याने त्याला जोर जास्त लावावा लागतो. पुढचा जॅक लांब पहारीच्या टोकाला धरल्यासारखा, निम्म्या ओझ्यातच काम भागवतो. लांब हौद्यांना म्हणून पुढचाच जॅक लावतात, आणि नेमक्या त्या लांब हौद्यांनाच बाजूच्या आधाराची गरज सर्वांत मोठी. घोडा आणि ट्रेलर वाकड्या कोनात उभे राहिले तर पुढचा टेकाही मध्यरेषेवरून बाजूला सरकतो.

अमेरिकेत याहून धाडसी प्रकार आहे. ट्रेलरची चासीच काढून टाकलेली. हौदा हाच तुळई. जॅक वर गेला की ट्रेलरची चाकं घोड्याकडे ओढली जातात आणि सारा सांगाडा अळीसारखा पाठ उंचावतो. चासीचं वजन वाचलं, तेवढा माल जास्त. पण खालून धरणारी चौकट गेल्यामुळे जमिनीबद्दल हा प्रकार फार नाजूक. हलकं करू तेवढं नखरेल, असा काहीसा न्याय.

माल काय आहे यावरही गाडीचं नशीब ठरतं. गोव्यात अनेक वर्षं सांगे, सावर्डे भागातून खनिजाचे टिप्पर नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत धावत, तिथून बार्जेसने माल मुरगावला जाई. चंद्रपूर-वणीकडे ट्रक कोळशाचे. साडेचार मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद हौद्यात १६ टन लोहखनिज भरलं तर ते जेमतेम मांडीपर्यंत, साठ-पासष्ट सेंटिमीटर येतं. तितकाच कोळसा भरायचा तर १.८ मीटरचा, माणसाच्या डोक्याहून उंच ढीग लागतो. वजन तेच, चाकं तीच, पण एकाचं ओझं कमरेला, दुसऱ्याचं डोक्यावर. पाण्याच्या दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेला घेऊन चालणारी बाई हा फरक जास्त नेमका सांगू शकेल.

कोरडी खडी गुणी बाळ आहे. हौदा पुरेसा तिरका झाला की खळ्ळकन सगळी उतरते. घात करते ती ओली माती. खालचा भाग निघून जातो, वरचा हौद्याच्या पुढच्या भिंतीला चिकटून राहतो, म्हणजे उरलेलं सगळं ओझं सर्वांत उंच टोकाला. त्यातही एका कोपऱ्यात चिकटलं की ओळंबा मध्यरेषेवरून हलला. अशा वेळी हौदा गदगदा हलवून माल सोडवायचा मोह होतो. पुढे जाऊन करकचून ब्रेक मारायचा. तेवढं करू नये. कोपऱ्यांचा काटा काढायला हौद्याचे कोपरेच काढून टाकण्याची युक्ती मला सर्वांत आवडली. चौकोनी पेटीऐवजी अर्ध्या पिंपासारखा गोल हौदा. माल चिकटायला कोपरा नाही, आणि गोलाईमुळे तो आपोआप मधोमध जमतो. आपल्या कढईचा आकार, दुसरं काय! कढईतलं पिठलं शेवटच्या थेंबापर्यंत निघतं, डब्याच्या कोपऱ्यातलं निघत नाही.

इथवर सगळे प्रकार हौदा उंच नेणारे. पण उंच न्यायलाच कशाला हवा?

याचं उत्तर मळमड्डीच्याच कडेला, रुळांवर आहे. धारवाड हे एकेकाळी सदर्न मराठा रेल्वेचं मुख्यालय. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८२ साली ही कंपनी निघाली. तिच्या कचेरीच्या इमारतीत आता कर्नाटक कॉलेज आहे. त्या काळच्या भरावाची माती पाट्यांतून, माणसांच्या डोक्यांवरून आली. आज रुळांखाली खडी टाकायला हॉपर वॅगन येते: पोट घसरगुंडीसारखं निमुळतं, खाली दारं. दार उघडलं की खडी आपल्याच वजनाने रुळांच्या मध्ये आणि कडेला पडते. काही उचललं जात नाही, काही कलत नाही. उलट माल खाली जाईल तसा गुरुत्वमध्यही खाली उतरतो. तोल जाण्याचा प्रश्नच पुसून टाकला! रस्त्यावरही असे पोटातून सोडणारे ट्रेलर आहेत. रस्ता बांधताना ते चालता चालता खडीची लांब ओळ अंथरत जातात. अट एकच, माल वाहता हवा. मोठा दगड किंवा चिकट माती दारातच अडून बसते. आणि घराच्या अंगणात एक ढीग घालायचा तर ही गाडी तो आपल्याच पायांखाली घालून बसेल.

बाजूला उलथणारे ट्रेलर या दोहोंच्या मध्ये बसतात. लांब हौदा आडवाच राहतो आणि कुशीवर वळतो, झोपेत कूस बदलावी तसा. उंची फारशी वाढत नाही, त्यामुळे ओली किंवा जरा वाकडी जमीन हे प्रकार पुष्कळ सोसतात. इथे एक गंमत आहे: ज्या दिशेला कलंडायची भीती, त्याच दिशेला उलथायचं. माल झटकन निघाला तर ओझ्याबरोबर धोकाही निघून जातो. चिकटून राहिला तर मात्र सगळं वजन एका बाजूच्या चाकांवर लटकतं.

शेवटचा प्रकार कळल्यावर मी मावशीला उठवून सांगितला. हौदा हलतच नाही, फरशी चालते. तळाला लांब पट्ट्या असतात, एकाआड एक अशा तीन गटांत. आधी तिन्ही गट एकदम मागे सरकतात आणि वरचा सगळा माल वीतभर मागे जातो. मग एकेक गट आळीपाळीने पुढे परततो. एक गट पुढे येताना बाकीचे दोन स्थिर असतात, त्यामुळे माल त्या दोघांना धरून जागेवरच थांबतो. तिन्ही परतले की पुन्हा एकदम मागे. ही ओढाताण चालू राहते आणि हौदा आडवाच्या आडवा रिकामा होतो. मावशी म्हणाली, ‘म्हणजे पंगतीत बसल्या बसल्या पाट सरकवतो आपण तसं.’ मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. लाकडाचा भुसा, कचरा असल्या हलक्या मालाला हा प्रकार उत्तम. दगडांनी पट्ट्यांचं भरीत होईल.

तर मग आपल्या रस्त्यांवर तोच मागे उलथणारा, उंच जाणारा, सर्वांत भित्रा प्रकार का दिसतो? कारण तो काहीही टाकतो. सकाळी खडी, दुपारी मुरूम, संध्याकाळी पाडलेल्या घराच्या विटा. गल्लीत शिरतो, मागे येतो, पाहिजे तिथे ढीग घालतो आणि जातो. माझ्या मते यात चूक काही नाही; फक्त लांबीची हाव धरू नये. छोट्या हौद्याच्या दोन खेपा आणि लांब हौद्याची एक, यांत डिझेलचा हिशेब दुसऱ्या बाजूने लागतो आणि वितीचा पहिल्या.

रस्त्यावरही हीच उंची पाठ सोडत नाही. धारवाडहून अलनावर, लोंडा करत अनमोड घाटाने गोव्याला उतरताना वळणांवर भरलेला डंपर किती जपून जातो ते पाहा. त्याच्या पाट्यांचा आणि टायरांचा विचार करता, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जोर बाजूने लागला तरी आतली चाकं उचलायला लागतात. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर एवढा जोर यायला ताशी ४५ किलोमीटरच पुरतात. त्याच वळणावर तुमची छोटी मोटार या वेगाला फक्त टायर कुरकुरवेल.

आणखी दोन गोष्टी, ज्या कलंडण्यात मोडत नाहीत पण माणसं नेतात. आठ मीटरचा हौदा उभा राहिला की त्याचं टोक दुमजली घराच्या वर जातं, आणि ड्रायव्हरचं लक्ष आरशात, मागे असतं. वरच्या तारा आरशात दिसत नाहीत. धारवाडच्या रुळांवरही आता २५,००० व्होल्टच्या तारा आल्या आहेत. तारेला न टेकता, नुसतं जवळ गेलं तरी ती वीज उडी मारते. दुसरी गोष्ट गॅरेजमधली. उचललेल्या हौद्याखाली शिरून काम करताना तो तेलाच्या एका नळीवर उभा असतो, आणि नळी फुटायला मुहूर्त लागत नाही. म्हणून लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. बऱ्याच गाड्यांना तो टेकू कारखान्यातूनच लावून येतो. बऱ्याच गाड्यांवर त्याचा रंगही उडालेला नसतो, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आलो तेव्हा खडीचा ढीग तिथेच होता, नीटस शंकूसारखा. या भागातल्या दगडांचं वय अडीच अब्ज वर्षांच्या पुढचं. भूगर्भशास्त्रात धारवाडी खडक म्हणून जगभर ओळखले जाणारे ते हेच. गल्लीतली चार पोरं त्या ढिगावर चढत होती. पाय पडला की खडी घसरे, पोरगं गुडघ्यापर्यंत रुते, ओरडे. पोरं उतरली की घसरलेला भाग पुन्हा जुन्याच उतारावर येऊन थांबे. मुकादम घमेली मोजत होता. डंपर रस्त्याच्या टोकाशी दिसला, दुसरी खेप घेऊन. क्लीनर धावतच मागे गेला.

‘बर्ली, बर्ली...’

या वेळी जागा मुकादमानेच दाखवली. पोरांना हुसकावून लावलं आणि आधी स्वतः टाच मारून पाहिली.